आठ फवारे आणि मामींचे गुडघे

आमच्या घरी चहाला याल तर तासभर सवड काढून या. बंगला दाखवायला पाच मिनिटं पुरतात, बाकीचा वेळ फवाऱ्यांच्या किस्स्यांत जातो. ते जमवायला मी गेलो नव्हतो. एकेक फवारा दुरुस्त करत गेलो आणि एकेक किस्सा साठत गेला!

शाळेच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालो आणि साताऱ्यात छोटा बंगला घेतला. पुढं लॉन, त्यात जमिनीतून वर येणारे आठ फवारे, भिंतीवर टायमरची पेटी. आधीचे मालक म्हणाले, "सगळं ऑटोमॅटिक आहे. तुम्ही फक्त बघायचं!"

त्याच आठवड्यात कवठे महांकाळहून सासूबाईंचा, म्हणजे आमच्या मामींचा फोन आला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मऊ जमिनीवर चालायला सांगितलेलं, आणि त्यांच्या दारात नुसता खडक. मी छाती ठोकून सांगितलं, "मामी, पंधरा दिवसांनी इकडंच या. हिरवळ तयार ठेवतो!" फोन ठेवून लॉनकडं बघितलं. गवत पिवळं पडायला लागलं होतं.

*

बटण दाबलं. आठातले तीनच वर आले. दोन नुसते थुंकले, तिसऱ्यानं भिंतीपलीकडं नेम धरला. तिकडं शेजारचे रिटायर्ड सुभेदार पेपर वाचत बसले होते. भिंतीवरून एक ओलं डोकं वर आलं.

"क्लार्कसाहेब, ओळख व्हायच्या आधीच फायरिंग?"

त्या दिवसापासून ते आमच्या टीममध्ये.

*

मेढ्याचा एक प्लंबर आणला. त्यानं तासभर बघितलं, जमिनीला कान लावला.

"सायेब, टाकीत पानी हाय. फवारं बी हायती. मधी कायतरी हाय."

"मधी काय आहे?"

"ते कसं दिसंल? जमिनीत हाय न्हवं!"

गेला तो गेलाच. मग मी ठरवलं, आता आपणच करायचं. तीस वर्षं मुख्याध्यापकांच्या सह्या वेळेवर मिळवल्यात, त्यापुढं फवारा म्हणजे काय!

*

बाकीचे पाच फवारे गवताखाली मातीत गाडले गेलेले. सुभेदार म्हणाले, "सुरुंग शोधतात तसं शोधायचं." दोघंही पोटावर झोपलो आणि स्क्रू ड्रायव्हरनं वीत वीत जमीन टोचत निघालो. रस्त्यानं जाणारी एक बाई फाटकाशी थांबली.

"काय हरवलं वो वैनी?"

आमची बायको शांतपणे म्हणाली, "ह्यांचं डोकं. सापडलं की सांगते."

संध्याकाळपर्यंत पाचही फवारे सापडले. कंबर मात्र दोघांची गेली.

*

व्हिडिओ बघून कळलं, बोअरच्या क्षारानं फवाऱ्यांची तोंडं बुजलीत. आठही तोंडं काढली आणि स्टीलच्या जगमध्ये लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घातली. सकाळी सुभेदार फिरून घामाघूम होऊन आले, जग उचलला आणि मी ओरडेपर्यंत अर्धा संपवला. मिशा पुसत म्हणाले, "चव ठीक है. साखर लय कमी."

मग तळाशी डोकावले. "आन हे काय, सुपारी?"

*

एवढं करूनही पाण्याला जोर येईना. वायसर बदलले, टायमर तीनदा लावला. बारावा दिवस उजाडला. वैताग आला होता, पण तिकडं मामींनी पिशवी भरून ठेवलेली; आता माघार कसली! पाईपचा माग काढत सरकत गेलो तो थेट जास्वंदीखाली. तिथं फवाऱ्यांचा मेन व्हॉल्व्ह, पाऊण बंद!

"हा कुणी बंद केला?" मी ओरडलो.

"मीच," आतून बायको. "पहिल्याच दिवशी. तुमचे फवारे सुरू झाले आणि किचनमधलं पाणी गेलं."

"आणि बारा दिवस बोलली नाहीस?"

"मला कुठं विचारलं? तुम्ही व्हिडिओला विचारत होता!"

*

पंधराव्या दिवशी मामी आल्या. गवतावर हिरवा रंग चढला होता. संध्याकाळी अनवाणी चार चकरा मारून म्हणाल्या, "लय ग्वाड वाटतंय पायाला." खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. टायमर सकाळी सहाचा लावला आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा निवांत झोपलो.

साडेसहाला बाहेर आलो तर लॉनवर सगळं शांत. मधोमध मामी, पदर खोचलेला, नखशिखांत भिजलेल्या. आठही फवाऱ्यांना माझ्या नव्या टॉवेलच्या चिंध्या, गच्च गाठी मारून आवळलेल्या.

"जावईबापू, एवढा बंगला घेतला, आन पाईप बघून घेतला न्हाई व्हय? आठ जागी फुटला हुता! समदा बांधला. आता एक थेंब बी वाया जायचा न्हाई!"