सायकलीला साजूक तूप

आधी चहा ओतून घ्या. फजिती माझीच आहे, आणि मध्येच कोणी उठलं की मला वाटतं बाहेर जाऊन हसणार. तेव्हा इथेच बसून हसा. माझी हरकत नाही, आता सवय झाली आहे.

आम्ही लाटंबार्शाची माणसं. घरात आम्ही तिघं. शेत आणि काजूची बाग हे बघतात. लेक दीक्षा तुयेच्या कारखान्यात नोकरी करते. आणि मी? मी व्रतं करते. हसू नका, तेही कामच आहे. श्रावणात तर बोलायला फुरसत नसते. सोमवार शंकराचा, शुक्रवार जिवतीचा, शनिवार मारुतीचा, आणि रविवारी आम्हा गोव्याच्या बायकांचं मोठं व्रत, आयतारपूजन. रानातली पत्री जमवायची, सूर्याची पूजा मांडायची, वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, सगळ्या सवाष्णींनी मिळून ती करायची. पत्री जमवण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे मी गेल्याशिवाय पूजा सुरू होत नाही.

तर ह्या दीक्षाने कारखान्यातल्या एका मैत्रिणीकडून जुनी माउंटन बाईक घेतली. डोंगरात चालवायची सायकल. टायर रेड्याच्या मानेसारखे जाड, हँडल बैलाच्या शिंगांसारखं रुंद, आणि सीट इतकी अरुंद की बसलेल्या माणसाला आपण उभेच आहोत असं वाटावं. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही, उभी करायला स्टँडसुद्धा नाही.

ह्यांनी ती चहूबाजूंनी बघितली आणि विचारलं, "उरलेली सायकल कधी देणार ते?"

पहिल्या दिवसापासून ती सायकल ह्यांच्या डोळ्यांत खुपत होती. भिंतीला टेकवली की टायरच्या मातीने भिंत लाल, अंगणात ठेवली की पाय अडखळतो. दीक्षा मात्र कामावरून आली की आधी सायकलीला बघणार, मग आईला. शेवटी बापलेकीचा करार झाला. श्रावणातल्या एका रविवारी सुर्ल्याला, बंद पडलेल्या खाणीच्या वाटांवर, सायकलींची शर्यत होती. दीक्षाने नाव दिलं होतं.

हे म्हणाले, "शर्यत पुरी केलीस तर सायकल घरात राहील. मध्ये बंद पडली तर सोमवारी विकायची. मग नाव काढायचं नाही."

"नंबर नको?"

"नंबर देवाकडे. तू फक्त शेवटपर्यंत ये, सायकलीवर बसून. हातात धरून नव्हे."

मी गुपचूप सातेरीच्या देवळात जाऊन आले. म्हटलं, आई, पोरीची शर्यत पुरी होऊ दे, तुझी ओटी भरीन. एवढं करून मी थांबले असते तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही नसतं.

शर्यतीआधी सायकल पुरती सोडवायची, धुऊन पुसून, ग्रीस भरून परत जोडायची, असं दीक्षाने ठरवलं. गुरुवारी रजा घेतली. पण सोडवायला ती टांगायची कुठे? आमच्या घरात भक्कम टांगायची जागा एकच. हॉलमध्ये छताला लाकडी चौकट आहे, चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या बांधतो ती माटोळी.

हे म्हणाले, "देवाच्या माटोळीक सायकल?"

मी म्हटलं, "चवथीला तिथे नारळ लोंबतात, दुधी लोंबतात. हा जरा मोठा दुधी समजा."

लेकीसाठी मी एवढं बोलले खरी, पण आत चुळबूळ सुरू झाली ती झालीच.

संध्याकाळपर्यंत सायकलीचा नुसता सांगाडा माटोळीला लोंबत होता आणि बाकी सगळं खाली वर्तमानपत्रावर. चाकं, साखळी, पेडल, ब्रेकच्या पातळ गोल चकत्या, आणि चाकाच्या मध्यभागी असतात त्या मिऱ्याएवढ्या पोलादी गोळ्या. शेजारी नव्या ग्रीसची प्लास्टिकची डबी. ग्रीस पिवळट रंगाचं होतं.

"आई, उद्या कामावरून येऊन जोडते. तू कशालाच हात लावू नको हां."

"मी कशाला लावते?"

हे बोलेपर्यंत माझ्या मनात खरोखर काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या शालूवहिनी रविवारच्या पत्रीची चौकशी करायला आल्या. माटोळीकडे बघून त्यांनी हात जोडले, मग त्यांच्या लक्षात आलं काय लोंबतंय ते. हात तसेच राहिले.

"आणि ही डबी कसली गो?"

"ग्रीस. चाकं फिरायला."

वहिनी दोन पावलं मागे सरल्या. "ग्रीस म्हणजे चरबी. माझ्या भावाचो ट्रक होतो खाणीवर. माका सांगू नको."

"कसली चरबी?"

"तां विचारू नये," वहिनी म्हणाल्या आणि श्रावणात जेवढं वाईट तोंड करता येतं तेवढं करून निघून गेल्या.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? श्रावण महिना, वर माटोळी, खाली चरबीची डबी, आणि दोन दिवसांवर आयतारपूजन. दीक्षाला फोन करावा तर कारखान्यात फोन बाहेर जमा करून घेतात. ह्यांना विचारावं तर उत्तर ठरलेलं, "म्हणून सांगतो, विक." मग मी स्वतःच विचार केला. घात तिथे झाला.

चरबीचं काम काय? घसरवणं. चकलीच्या सोऱ्याला आपण आतून तूप लावतो तेव्हा तो गरगर फिरतो की नाही? मग चाक का फिरू नये? चवथीच्या नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, साठवलेलं घरच्या म्हशीचं तूप होतं, छान रवाळ, पिवळंधमक. मी ग्रीस करवंटीत काढलं, करवंटी मागच्या लाकडांच्या खोपीत ठेवली, डबी रिठ्याच्या पाण्याने घासली आणि तुपाने काठोकाठ भरली. लेकीची शर्यत आहे, आईने हात आखडता घेऊन कसं चालेल?

सांगितलं का नाही, विचाराल. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती. आणि माझं म्हणणं, ज्याने भलंच होणार आहे ते सांगून कशाला बिघडवा?

संध्याकाळी दीक्षा आली, हातपाय धुतले आणि कामाला बसली. एकेका गोळीला बोटाने लेप देत तिने चाकं भरली. मध्येच थांबून तिने बोट नाकाशी नेलं.

"आई, ह्या ग्रीसला वास कसला येतो?"

"पावसाळा आहे. सगळ्यालाच वास मारतो."

"बेसनलाडवासारखा?"

"पोट रिकामं असलं की असं होतं. आधी जेवून घे."

जेवून आली आणि उरलेलं तूपही भरून टाकलं तिने. सायकल पुरती जोडून झाली, माटोळीलाच लोंबत. मी चाक फिरवून बघितलं, काय फिरत होतं म्हणता! मनात म्हटलं, कुठे ते बाजारचं ग्रीस आणि कुठे आपली म्हैस.

शनिवारी सकाळी पूजेला उठले तर माटोळीवरून मुंग्यांची रांग सायकलीवर उतरत होती. मुंग्यांना पळवायला मी लगबगीने चाकांवर हळद टाकली. तेवढ्यात हे मागे येऊन उभे.

"सायकलीक हळद लावलीस?"

"उद्या शर्यतीला जायची आहे ना. थोडं कुंकूही लावते." आणि लावलं. एक लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं, दुसरं काय?

नेमकं त्या दिवशी ऊन पडलं. श्रावणातलं ऊन तुम्हाला माहीत आहे, पडलं की तव्यासारखं. दीक्षा सायकल तपासायला देवळाच्या चढणीवर गेली आणि वरून सुटली. खाली वळणावर तिने ब्रेक दाबला. तोपर्यंत तूप वितळून चाकाच्या मधून बाहेर आलं होतं आणि शेजारच्या ब्रेकच्या चकतीवर पसरलं होतं. ब्रेकने चकती धरायची असते. तूप लावलेली वस्तू कोण धरणार?

वळणावर रस्ता वळला, दीक्षा सरळ गेली. खाली आमचंच शेत. हे बांधावर छत्री घेऊन उभे होते. त्यांच्यासमोरून लेक सायकलीवरून शेतात शिरली.

"खंय चाललीस गो?" ह्यांनी विचारलं.

"ठाऊक ना, बाबा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

भाताच्या चिखलाने तिला झेललं. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, देवीची कृपा. पण तिच्या मागोमाग शालूवहिनींचा कुत्रा शेतात उतरला आणि चाकाचा मध्य चाटायला लागला. हाकलला तरी हटेना.

"ग्रीस खाणारो कुत्रो मी पयलो बघतंय," हे म्हणाले. त्यांनी चाकाला बोट लावलं, वास घेतला, मग जिभेवर ठेवलं. "साजूक आहे. आपल्याच म्हशीचं."

दोघं घरी आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून मी एकच दाणा बराच वेळ निवडला. मग सगळं सांगितलं. शालूवहिनी, ट्रक, चरबी, सोऱ्या.

दीक्षा शांतपणे म्हणाली, "आई, हे ग्रीस जमिनीतल्या तेलाचं. डिझेलचा भाऊ. डबीवरच्या कागदावर लिहिलं होतं."

तो कागद रिठ्याच्या पाण्यात सुटून गेला होता.

हे म्हणाले, "जाऊ दे. सोमवारी विकून टाकू." आवाजसुद्धा चढवला नाही.

दीक्षा मागच्या दारात जाऊन बसली आणि काडीने साखळीतला चिखल उकरायला लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. पोरीचा तोल मी घालवला, वर करारही तीच हरणार. मी पदर खोचला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"परत सोडव. मला दाखव, मी करते."

"तू?"

"एवढी पूजेची भांडी घासते. ह्या गोळ्या काय जड आहेत?"

सायकल परत माटोळीला चढली. उकळतं पाणी, साबण, जुने दात घासायचे ब्रश. गोळ्यांचं तूप गेलं, साखळीचं गेलं. खोपीतली करवंटी आणली, चांगलं फडकं गुंडाळून ठेवलेलं ग्रीस होतं तसंच होतं. मी ते माझ्या बोटांनी भरलं. ब्रेकच्या चकत्या मात्र कितीही धुतल्या तरी बुळबुळीत लागत.

दीक्षा म्हणाली, "साबणाने पुरतं जात नाही. स्पिरिट पाहिजे. डिचोलीला जाईपर्यंत दुकानं बंद होतील."

इतका वेळ खुर्चीत बसून बघणाऱ्या ह्यांनी घसा साफ केला. "स्पिरिट म्हणजे काय? दारूच ना एकापरी?"

ते उठले, भाताच्या कणगीपाशी गेले, कोपरापर्यंत हात घातला आणि एक बाटली वर काढली. आमच्याच काजूंची फेणी.

मी म्हटलं, "श्रावणात? माझ्या घरात?"

"खोकल्यासाठी आहे."

"श्रावणात?"

"खोकल्याक श्रावण कळतो काय?"

जिने सायकलीत तूप भरलंय तिने कोणाला काय विचारायचं? फेणीत फडकं बुडवून आम्ही दोघींनी चकत्या पुसल्या, चकतीला धरणारे ब्रेकचे पॅड पॉलिश पेपरवर घासले. दिवेलागणीला दीक्षाने अंगणात चक्कर मारली आणि ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. ह्यांनी बाटली परत कणगीत ठेवली नाही, सायकलीजवळच राहू दिली.

रविवारी पहाटे मी न्हाऊन, पूजेची साडी नेसून तयार. दीक्षा म्हणाली, "आई, शेवटचा एक हात चकत्यांना मार." मी बाटली उघडली. तेवढ्यात रात्री परत माटोळीला टांगलेली सायकल उतरवायला हे आले, चाक फिरलं, बाटलीला लागलं, आणि उरलेली सगळी फेणी माझ्या साडीवर. टेम्पो दारात उभा, ही दोघं घाईत गेली. शालूवहिनींच्या अंगणातून हाका सुरू झाल्या, "पत्री खंय गो?" परत न्हायला, दुसरी साडी नेसायला वेळच नव्हता. मी पत्रीची टोपली उचलली आणि गेले.

काजूच्या फेणीचा वास लपत नाही. बायका एकेक करून बाजूला सरकत गेल्या. शालूवहिनींनी मला कुंकू लावलं ते हात पुरता लांब करून. माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी डोळे मिटून सूर्याला सांगत होते, बाबा, सुर्ल्यातही तूच उगवलायस, जरा माझ्या पोरीकडे बघ.

दुपारी ह्यांचा फोन आला. "पोचली."

"कितवी?"

"मागून मोजलं तर लवकर सापडते."

"बसून आली?"

"बसून. आणि ब्रेक लागला. माझ्या पायांपुढे येऊन थांबली." मग म्हणाले, "पावसात चिखल फार उडतो गो तिच्यावर. मडगार्ड बसवूया म्हणतो."

त्याच संध्याकाळी मी सातेरीची ओटी भरली. मन कसं निवलं म्हणून सांगू.

पुढच्या आठवड्यात शालूवहिनी एकट्याच मागच्या दाराने आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "माझे गुडघे दुखतात गो. तुझ्याकडची ती थोडी असली तर दी. चोळायला."

मी खरं तेच सांगितलं. "संपली, वहिनी."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "इतक्यात? सगळी?"

आता वाड्यावर माझ्या व्रतांची चांगली ख्याती झाली आहे. म्हणतात, त्या बाईचे उपास भारी कडक. श्रावणभर काही खात नाही, नुसती पिते.