फायरमनने लावलेल्या खिडक्या

पहाटे चारला तो उठे. कारखान्यात माणसं सातला कामाला लागत, पण त्यांच्या यंत्रांना वाफ हवी असेल तर बॉयलरच्या फायरमनने त्याआधीच आगीपुढे उभं राहायला हवं. आधी राख ओढायची, मग कोळसा पातळ पसरायचा. ढीग टाकला तर आग गुदमरते. धूर होतो, वाफ होत नाही. फावडं मारणं ताकदीचं काम नाही, मनगटाचं आहे. ते यायला वेळ लागतो. त्याला ते आलं आणि जन्मभर पुरलं.

बॉयलरघराचा एक नियम होता, कुठे न लिहिलेला. 'गरम होतंय' असं म्हणायचं नाही. नवा माणूस म्हणालाच, तर बाकीचे हसत. "याला जावई करून घ्या रे, सावलीत बसवा." दुसऱ्या दिवशी तो एक तर येत नसे, नाहीतर पुन्हा तसं म्हणत नसे. हा पहिल्या दिवसापासूनच तोंड मिटून होता. हळूहळू अंग इतकं निबर झालं की उकळता चहा पाण्यासारखा पिई. बायको म्हणे, "तुम्हाला ताप आलाय का, ते थर्मामीटरलाच विचारावं लागतं."

निवृत्त झाल्यावरही चारला जाग येईच. उठून करायचं काय? मागच्या गल्लीत वाचनालय चालवणाऱ्या ताई शाळाशाळांत जाऊन हवामान का बदलतंय ते मुलांना सांगत. पगार नाही, पिण्याचं पाणीसुद्धा घरून न्यायचं. त्यांनी विचारलं, "काका, कोळसा मुलांनी नुसता चित्रात पाहिलाय. याल का?"

"मी काय शिकवणार? मी जाळणाऱ्यांतला."

"म्हणूनच या."

तो कोळशाचा एक तुकडा कागदात गुंडाळून घेऊन गेला. मुलांनी तो फिरवून फिरवून हात काळे केले. फावडं कसं मारतात ते त्याने रिकाम्या हातांनी दाखवलं. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका हडकुळ्या मुलीने विचारलं, "तो सगळा धूर गेला कुठे?"

"वर."

"वर म्हणजे कुठे?"

वर्ग हसला. त्याला हसू आलं नाही. इतकी वर्षं नजर वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. मान वर करून चिमणीच्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. मग तो दर आठवड्याला जाऊ लागला. आधी ताईंकडून समजून घ्यायचं, मग मुलांना सांगायचं. मुलं त्याला 'इंजिनकाका' म्हणू लागली. हडकुळीचे प्रश्न संपत नसत, आणि तिच्यासाठी तो घरी बसून तयारी करी.

"परीक्षा तुमची का तिची?" बायको विचारी. त्यांना मूलबाळ नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याने एक प्रयोग बसवला. पत्र्याचे दोन डबे, एक काळा रंगवलेला, एक पांढरा. दोन्हींत थर्मामीटर ठेवून खिडकीतल्या उन्हात मांडायचे. छप्पर पांढरं केलं तर खोली किती कमी तापते, ते मुलांनी डोळ्यांनी बघावं. वर्गाला पत्र्याचंच छप्पर होतं. त्या दिवशी ताई दुसऱ्या शाळेत होत्या, वर्गाच्या बाई ऑफिसात. वाऱ्याने डबे निवायला लागले, तशी त्याने खिडक्यांची काचेची तावदानं लावून घेतली आणि दारही ओढलं. हाताची सवय. आग चालू असताना भट्टीचं दार उघडं टाकतो तो फायरमन नव्हे.

मुलं वह्यांनी वारा घेऊ लागली. हडकुळी म्हणाली, "काका, फार गरम होतंय."

"थांब गं जरा, पारा चढू दे."

थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं.

"एवढं झालं की सगळेच जाऊ."

त्याला खरंच काही जाणवत नव्हतं. काळ्या डब्यातला पारा भराभर चढत होता आणि तो खुशीत होता. मग मागे बाक सरकला. मुलगी खाली पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. तिला उचलून तो धावत सुटला.

मुलगी वाचली, पण बरेच दिवस दवाखान्यात होती. तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करी. दवाखान्याच्या जिन्यात ती त्याला भेटली. भांडली असती तर बरं झालं असतं. "तुम्हाला ऊन लागत नाही, काका," एवढंच ती म्हणाली. "तिला लागतं."

मोठ्या बाईंनी त्याला ऑफिसात बोलावून आधी बसायला खुर्ची दिली. "तुमच्या मनात वाईट नव्हतं. पण यापुढे वर्गावर येऊ नका."

ताई त्याची बाजू घ्यायला गेल्या. त्याने त्यांना अडवलं. "ती बोलली होती, ताई. दोनदा बोलली. मीच ऐकलं नाही."

त्यानंतर चारला उठून तो नुसता बसून राही. एके दिवशी बायकोला म्हणाला, "त्या वर्गावर दुसरं छप्पर घालावं म्हणतोय."

फंडाचे पैसे तळमजल्यावर खोली घ्यायला ठेवले होते. बायकोच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"आणि माझे गुडघे?"

तो तिने घातलेल्या घड्या उचलून कपाटात ठेवू लागला.

"चढेन हळूहळू," ती म्हणाली. "भाजी मात्र तुम्ही आणायची. आणि किडकी नाही."

काम सुट्टीत निघालं, म्हणून त्याला वर्गात जाता आलं. जुन्या पत्र्यावर हातभर जागा सोडून पांढरे पत्रे बसवले. मधून वारा खेळेल असे. मिस्त्र्याने जिथे स्क्रू ढिले सोडले, तिथे याने ते पुन्हा पिळायला लावले. शाळा उघडली तेव्हा ताईंकडून कळलं, की हडकुळीला ऊन सोसत नाही म्हणून आईने तिला लांब मावशीकडे ठेवलंय. शाळेतून नाव काढलं.

आगीपुढच्या सगळ्या वर्षांच्या कमाईत एका वर्गावरचं दुसरं छप्पर झालं. शेजारच्या वर्गांवर अजून एकेरी पत्राच आहे.