सासूबाईंच्या तक्रारी आणि प्रेझेंट परफेक्ट

"मॅडम, मी एकटीनं काही नाही केलं. सगळ्यांनी मिळून केलं."

वैशालीनं हे पुन्हा एकदा ऐकवलं आणि मी मार्कर टेबलावर आपटला. दुसऱ्या दिवशी तिचा इंटरव्ह्यू होता.

मी वाळूजला कंपन्यांतल्या लोकांना स्पोकन इंग्लिश शिकवते. वैशाली मोटारसायकलींचं वायरिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात लाईनवर होती, कॉन्ट्रॅक्टवर. तिथं लाईन लीडरची जागा निघाली होती. मिळाली तर नोकरी पर्मनंट, नाहीतर पुन्हा कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होण्याची वाट बघत बसा. इंटरव्ह्यू घेणार होते परदेशातले साहेब, व्हिडिओ कॉलवर, इंग्रजीत.

अशा वेळी प्रेझेंट परफेक्ट पक्का लागतो. 'आय हॅव डन'वाला काळ. काम मागेच झालेलं असतं, पण त्याचं मोल आज सांगायचं असतं. अनुभव मांडायला इंग्रजीत याच्याइतका कामाचा काळ नाही. वैशालीला तो तोंडपाठ होता. पुस्तकातली वाक्यं ती धडाधड म्हणायची. पण "व्हॉट हॅव यू डन इन धिस कंपनी?" असं विचारलं की मान खाली आणि 'आय'च्या जागी 'वी'.

मला राग यायचा, पण तो काढणार कोणावर? आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे आले की तिला काय काय येतं ते मामा-मावश्या सांगतात. तिनं स्वतः सांगितलं तर ती आगाऊ. तीच मुलगी साहेबांपुढे 'मी केलं' कुठल्या तोंडानं म्हणणार?

त्या दिवशी तिच्याबरोबर सासूबाईही आल्या होत्या. मूळच्या देवगाव रंगारीच्या, पण आता वैशालीकडेच राहणाऱ्या; गुडघा दाखवायला बाहेर पडलेल्या, त्या दवाखान्यातून परस्पर क्लासला. मी वैतागून त्यांनाच विचारलं, "मावशी, तुमच्या सुनेनं कंपनीत काहीच केलं नाही का हो?"

"काय नाय केलं ते इचारा!" सासूबाई उसळल्याच. "दिराच्या हळदीला ही शिफ्ट करून आली. पाव्हण्यांनी लई नावं ठेवली. नव्या पोरी घरी आणून शिकवती, अन् च्या मला करावा लागतो. एकदा तर चालू लाईन बंद केली हिनं! सुपरवायझर वरडतोय, अन् ही म्हणती, वायर चुकीची लागलीय, माल जाऊ देणार नाय. नोकरी गेली असती म्हंजी?"

"आत्याबाई, राहू द्या ना," वैशाली पुटपुटली.

"का राहू द्या? खोटं हाय का?"

"आणि वायर?" मी विचारलं. "खरंच चुकीची होती?"

"व्हय तर! सगळा माल वापस आला असता."

इतके दिवस माझ्यासमोर बसून या बाईनं मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. मला तिचा अभिमानही वाटला आणि तिचे कान धरावेसेही वाटले. मी बोर्डावर सासूबाईंच्या तक्रारी इंग्रजीत लिहून काढल्या. 'शी हॅज ट्रेन्ड न्यू वर्कर्स.' 'शी हॅज स्टॉप्ड अ रनिंग लाईन.' मग मार्कर वैशालीच्या हातात दिला. "आता 'शी' पूस आणि 'आय' लिही. 'हॅज'चं 'हॅव' कर."

तिनं लिहिलं. मागं सरकून सगळं वाचलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "हे मीच केलंय की."

इंटरव्ह्यूत काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं. प्रश्न आला आणि जुन्या सवयीनं तोंडातून 'वी' निघालं. ती थांबली. मग म्हणाली, "माय मदर-इन-लॉ कम्प्लेन्स दॅट आय हॅव स्टॉप्ड अ रनिंग लाईन." साहेब सावरून बसले. म्हणाले, "टेल मी मोअर." मग मात्र वैशालीला थांबवणं कठीण झालं असावं. व्याकरणाच्या दोन-चार चुका झाल्या, असं तीच म्हणाली. झाल्या तर झाल्या.

जागा तिला मिळाली. बातमी कळवायला फोन आला तो सासूबाईंचा.

"मॅडम, आता ही घरी आणखीच उशिरा यायची. लीडर झालीय ना!"

तक्रारच होती, पण बाईंचा आवाज फुलला होता.

तेव्हापासून इंटरव्ह्यूच्या तयारीला कोणी आलं की मी सांगते, बायोडाटा नंतर आणा. आधी घरातलं एखादं कुरकुरणारं माणूस घेऊन या.