मरियमबेनच्या आईच्या वेण्या

१९९८ साल. माझं वय त्रेसष्ट. सकाळी दाढी करत होतो, तेवढ्यात सूनबाई आत येऊन म्हणाली, "बाबा, शेजारची मरियमबेन गेली." दोन महिने ती आजारी होती. नवागामच्या आमच्या चाळीत दोन घरांमध्ये एका विटेची भिंत, तिचा खोकला मला रोज ऐकू यायचा. पण मी विचारपूस केली नाही... दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं, आणि ते मीच बंद ठेवलं होतं. मी तिसरी शिकलेला, धुळ्याकडून इकडे गुजरातेत येऊन तीस वर्षं माग चालवला. कुणापुढे वाकलो नाही, याचाच मला तोरा.

मरियमबेन सिद्दी. पूर्वज कैक पिढ्यांमागे आफ्रिकेतून आलेले, पण गुजराती बोलायची तर आम्ही ऐकत राहावं. मुलगी जैनबचे केस दाट, कुरळे. मरियमबेन कंगव्याच्या टोकानं तिचे भांग पाडून, कपाळापासून डोक्याला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्या घालायची. माझी नात सोनू तिच्यासमोर जाऊन बसायची, मला पण घाला म्हणून. दोन वर्षांमागे मी ओरडलो होतो, "उंदराच्या शेपट्या आपल्या घरात चालणार नाहीत!" माझ्या टकलाकडे बघून मरियमबेन हसली, "काका, तमारे माथे तो पूंछडी जेटलाये वाळ नथी!" शेपटीएवढेही नव्हते, खरंच.

त्याच वर्षी गणपतीत पोरींचा जंगलातला नाच बसवला. मंडळाचा प्रमुख मी. नाचाला तशाच वेण्या हव्यात असं ठरलं, तेव्हा मीच तिला हाक मारली. दुपारपासून तिनं सात पोरींची डोकी विंचरली. आमच्या पोरींचे केस सरळ, वेणी सुटायची, म्हणून टोकाला मागाच्या खात्यातला दोरा बांधला. दोरा तोडून देत होती दहा वर्षांची जैनब. तिनं हळूच विचारलं, "काका, मी पण नाचू?" मी म्हणालो, "जागा नाही." खोटं बोललो. एक पोरगी तापानं पडली होती, जागा रिकामी होती.

पोरी तोंडाला काजळ फासून नाचल्या. शिट्ट्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. पुढे बसलेल्या जैनबला कुणीतरी म्हणालं, "तुला तर काजळ पण लागणार नाही!" सगळे हसले. मीही हसलो...

मरियमबेन स्टेजपाशी आली. "काका, मारी दीकरीने माथे होय तो गंदा, ने तमारी दीकरीने माथे होय तो इनाम?"

माझ्या लेकीच्या डोक्यावर घाण आणि तुमच्या पोरींच्या डोक्यावर बक्षीस, असा चार माणसांत बाईनं जाब विचारला, माझं डोकं फिरलं. "वेण्या काय तुझ्या बापाच्या आहेत?"

"बापनी नहीं, काका. मारी मानी छे." तिच्या आईच्या होत्या त्या.

त्या आठवड्यात जैनबचे केस बारीक कापलेले दिसले. तिनंच हट्ट धरला, असं सोनू म्हणाली. तेव्हाही मी गेलो नाही.

मरियमबेनला मातीत ठेवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गेलो. जैनब आता बारा वर्षांची. म्हणालो, "पोरी, त्या दिवशी नाचात जागा होती. मी खोटं बोललो. आणि तुला हसलोही."

सोनूबरोबर खेळून शिकलेल्या स्वच्छ मराठीत ती म्हणाली, "हे अम्मीला सांगायचं होतं, काका."

तिथून उठलो तो थेट नाक्यावरच्या चहावाल्याकडे गेलो. मंडळाची माणसं बसली होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, जुनं झालं ते. चहा घ्या."

चहा घेतला नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.