‘इथपर्यंत’ची गाठ

ग्वेंडा हॅझेल्डीनचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले ते सफरचंदांच्या शेडमध्ये. आम्ही नुकते टास्मानियात आलो होतो आणि हंगामापुरती मी पॅकिंगला जात असे. ग्वेंडा माझ्या शेजारी उभी असायची. डाव्या हातात पातळ कागद, उजव्यात फळ, एक पीळ, की फळ खोक्यात. तोंडाने सबंध गावाच्या लग्नांच्या नि भांडणांच्या बातम्या चालू. मधेच एखादं सफरचंद ती न बघताच पलीकडच्या खोक्यात टाकून द्यायची, कारण ते आकाराने जरासं लहान असायचं. मी एकदा काढून ताडून पाहिलं. खरोखर लहान होतं.

“न बघता कसं कळतं गं?” मी विचारलं.

“बघायचं काय त्यात? फळ सांगतंच की.”

माझं मनोरमा हे नाव तिच्या जिभेला कधी पेललं नाही. पहिल्याच दिवशी तिने माझी ‘मॅनी’ केली, आणि आता या सिग्नेट गावात मला दुसरं नाव उरलेलं नाही.

आता आम्ही दोघी विधवा आहोत. शेड पाडून तिथे पर्यटकांसाठी कॉफीचं दुकान झालं. ग्वेंडाच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी तिला राखाडी डाग दिसतो, कडेकडेचं मात्र दिसतं. “तुझं तोंड गेलं, मॅनी,” ती मला म्हणते, “पण कान अजून सुरेख आहेत.”

तिच्याकडे एकच मोठी वस्तू उरली होती, ती म्हणजे ‘वॉटलबर्ड’, तिच्या नवऱ्याने, अ‍ॅर्नने, लग्नाआधी बांधलेली शिडाची बोट. ह्युऑन पाइनचं लाकूड. उन्हात तापलं की अजूनही गोडसर वास येतो. अ‍ॅर्न गेल्यावरही ग्वेंडा दर रविवारी ती बाहेर काढायची. लांबचं बघायला मी सोबत असायचे आणि सुकाणू धरायचे. बाकी सगळं ती करायची. शीड उतरवणं, नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, जाऊन नांगर टाकणं, सगळं.

यंदा पानगळीच्या सुरुवातीला तिचा मुलगा लॉक्लन धक्क्यावर आला. लॉकी पाणबुड्या आहे, थंडगार पाण्यात बुडी मारून खडकांवरचे मोठे शिंपले काढतो. त्याचा सगळा जीव इंजिनाच्या बोटींवर, शिडाच्या बोटीला तो ‘डॅडचं म्हातारं कोंबडं’ म्हणतो. तो बोटीच्या कठड्याला टेकला आणि हात मागे घेऊन बघू लागला. तळव्यावर तांबडा डाग उमटला होता.

बोटीच्या दोन्ही कडांना उभे खांब असतात आणि त्यांच्यातून एकावर एक अशा दोन तारा आरपार गेलेल्या असतात. माणूस पाण्यात पडू नये म्हणून त्या असतात. इथे त्यांना लाइफलाइन म्हणतात. ‘वॉटलबर्ड’च्या तारांवर पांढऱ्या प्लास्टिकचं कवच होतं, त्यावर मधे मधे दोऱ्याचे वेढे होते, आणि कवचाच्या भेगांमधून गंज पाझरत होता.

“मम, या तारा कुजल्यात.”

“मग बदलू.”

“आणि तुझे डोळे? तेही बदलायचे का?” तो एकदम म्हणाला, आणि लगेच त्याचा आवाज खाली आला. “मी रोज पाण्याखाली असतो गं. पाणी काय करतं ते मला ठाऊक आहे. वसंतात ही बोट विकू या.”

ग्वेंडाने तारेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “सौदा कर माझ्याशी. तारा नव्या घाल. मग मी मागच्या बैठकीपासून नाळेपर्यंत जाईन, नांगर टाकीन आणि परत येईन. कुणी एक शब्द बोलायचा नाही. जमलं तर बोट माझी. नाही जमलं तर वीक.”

“कमरेला सुरक्षेचा पट्टा अडकवून जायचं.”

“पट्टा काय, गळ्यात घंटा बांध.”

काम लॉकीने स्वतःच केलं, आणि आईला चकित करायचं म्हणून तिला न सांगता. ग्वेंडा डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी होबार्टला गेली होती तेव्हा. मी त्याला चहा नेऊन दिला आणि बघत बसले. तारेऐवजी त्याने नव्या जातीचा राखाडी दोर आणला होता. हातात घेतला तर रेशमासारखा हलका, आणि पोलादाला मागे टाकेल इतका बळकट. खांबांच्या भोकांना जुन्या तारेने धारदार खाचा पाडल्या होत्या. त्या त्याने कानशीने घासघासून गुळगुळीत केल्या, नाहीतर त्या नव्या दोराला कापत राहिल्या असत्या. दोराचं टोक दोराच्याच पोटात ओवून डोळ्यासारखा फासा केला आणि बारीक दोरीचे वेढे घालून सगळं ताणून बांधलं. बोटाने छेडला तर दोर वीणेच्या तारेसारखा वाजला.

“आता हत्ती टेकला तरी हरकत नाही,” तो म्हणाला. जुन्या तारांची वेटोळी त्याने आपल्या ट्रकच्या हौद्यात भिरकावली.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. वारा नैऋत्येचा, हलका. मी सुकाणूवर, लॉकी हाताची घडी घालून समोर. ग्वेंडाने पट्टा अडकवला आणि वाऱ्याच्या बाजूने पुढे निघाली. डावा हात दोरावरून सरकत होता.

डोलकाठीच्या जवळपास ती थांबली. हात थोडा मागे आला. पुन्हा पुढे गेला. अंधारात चष्मा चाचपडणाऱ्या माणसासारखा तो दोरावरून फिरत राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण एक शब्द बोलायचा नव्हता. शेवटी ती वळली, तशीच चाचपडत परत आली आणि बैठकीवर बसली.

“वीक,” ती म्हणाली.

लॉकी जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. “काय झालं, मम?”

“खुणा कुठे गेल्या माझ्या?”

“कसल्या खुणा?”

“तारेवरच्या. दोऱ्याच्या.”

“ती डॅडची ठिगळं?” लॉकी म्हणाला. “तुटके धागे हाताला बोचू नयेत म्हणून बांधलेली?”

त्याचीही चूक नव्हती. अ‍ॅर्नच्या घरात जे मोडेल ते मेणाच्या दोऱ्याने बांधलं जायचं. किटलीची मूठ, चष्म्याची काडी, कुत्र्याचा पट्टा, एकदा तर पुडिंगचं भांडं. कुठेही दोऱ्याचे वेढे दिसले की ते अ‍ॅर्नचं ठिगळ, असं सारं गाव धरून चालायचं. मीही तेच समजत होते.

“तुझ्या बापाने चर्चचा बाकसुद्धा बांधला होता,” ग्वेंडा म्हणाली, “पण त्या तारांना कधी दोरा गुंडाळला नाही. त्या खुणा माझ्या. वळवलेली एक पट्टी म्हणजे शीड ओढायची दोरी इथे. दोन म्हणजे डोलकाठी. तीन म्हणजे खालच्या खोलीचं झाकण, पाय उचल. धुक्यात, काळोखात, तू पोटात असताना, तुझा बाप खाली तापाने फणफणत असताना, मी त्यांच्यावरच गेले. आता डोळे गेले तर मला वाटलं, चला, हे तरी आपण शिकून ठेवलेलं आहे.”

आम्ही धक्क्याला परतलो. जुन्या तारा अजून ट्रकमध्येच होत्या. तो हौदा लॉकीने आयुष्यात कधी साफ केलेला नाही, आणि त्या दिवशी मी देवाचे आभार मानले. त्याने वरची तार नव्या दोराशेजारी धरली, मापं मिळावीत म्हणून. दोन पट्ट्यांच्या खुणेपाशी ती सरळ करायला त्याने जराशी वाकवली.

कट् असा आवाज झाला. तार त्याच्या हातात तुटली.

दोऱ्याने इतकी वर्षं खारं पाणी धरून ठेवलं होतं. आतलं पोलाद कुजून पाव-बिस्किटासारखं झालं होतं. जिथे जिथे तिचा हात थांबायचा, नेमकी तिथेच ती तार मेलेली होती.

लॉकीने तुटलेलं टोक तिच्या हातात दिलं. “यावर तू जीव टाकून चालत होतीस?”

“छे. तिच्यावर भार मी कधीच टाकला नाही,” ग्वेंडा म्हणाली. “मी तिला फक्त विचारत विचारत जायचे.”

 किती रविवार मी सुकाणूवर बसून तिला पुढे जाताना पाहिलं होतं. मला वाटायचं ती कठडा धरून चालते आहे. लाटेवर बोट वर-खाली होत असताना ही बाई केवळ बोटांच्या टोकांनी वाचत चालली होती, आणि सगळा तोल तिच्या स्वतःच्या दोन पायांत होता.

मग लॉकीने खालची तार उचलली. तिच्यावर एकच खूण होती, मोठी, कांद्याएवढी फुगीर, डोलकाठीच्या अलीकडे.

“आणि ही? इतक्या खाली कुणाचा हात जातो?”

ग्वेंडाने ती गाठ हातात घेतली. “ही तुझी. तू रांगायचास तेव्हाची. हिच्यापुढे जायचं नाही अशी ताकीद होती. तू इथवर यायचास, गाठीवर थापटी मारायचास आणि सबंध खाडीला ऐकू जाईल असा ओरडायचास, ‘इथपर्यंत!’”

“पण ही तार तर डॅडने मागून घातलेली. तेव्हा मी काही रांगत नव्हतो.”

“मिसरूड फुटलं होतं तुला. बाकीच्या खुणा जुन्या तारेवरून नवीवर उतरवून घेतल्या, तशी हीसुद्धा घेतली.”

“कशाला?”

“वाकले की हाताला लागायची. बरं वाटायचं.”

लॉकीने नाक ओढलं आणि वाऱ्याला शिवी दिली.

खुणा ग्वेंडाने स्वतः केल्या. हा दोर गंजणारा नाही, त्यामुळे त्यांचा आता काही धोका नव्हता. शीड शिवायची जाड सुई घेऊन ती धक्क्याच्या बाजूला बोटीच्या कडेवर बसली. आधी सुई दोराच्या पोटातून आरपार, म्हणजे खूण सरकणार नाही, मग वेढ्यावर वेढा. मान वर, नजर कुठेतरी टेकड्यांवर, तोंडाने नव्या पाद्र्याच्या बायकोची बातमी चालू. वेढे शेजारी शेजारी असे बसत होते की मधे नखही जाऊ नये. मी पुन्हा त्या शेडमध्ये उभी होते. फळ सांगत होतं आणि ती ऐकत होती.

सगळं झाल्यावर तिने सुई लॉकीपुढे धरली.

“एक तू कर. वरच्या दोरावर.”

“कसली?”

“कसली म्हणजे? ‘इथपर्यंत’ची. मला कुठवर जाऊ द्यायचं ते आता तू ठरव. मी मोडणार नाही. तूही कधी मोडलं नव्हतंस.”

“मम, नको ना.”

“लाव म्हणते. मॅनी, चल, चहा करू. याला आपल्यासमोर शिवण जमणार नाही, लहानपणापासून लाजतो.”

आम्ही खाली गेलो. वर बराच वेळ पावलं इकडून तिकडे होत राहिली. एकदा “आई गं!” ऐकू आलं, म्हणजे सुई टोचली असावी. गाठ कुठे बांधली ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही, आणि मी वर आले तेव्हा मुद्दाम बघितलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा तिघं. ग्वेंडाने पट्टा अडकवला. हात दोरावर ठेवला आणि निघाली. पहिल्या पट्टीवर बोटं क्षणभर टेकली, पुढे सरकली. डोलकाठीच्या अलीकडे मात्र तिची चाल मंदावली. लहानग्या लॉकीची हद्द तिथेच होती, आणि त्याने आपल्यासाठीही तीच धरली असणार, असं तिला वाटलं असावं. मी तिच्या पाठीकडे बघत होते. खांदे किंचित आवळले होते.

तिथे काही नव्हतं. दोन पट्ट्या लागल्या, म्हणजे डोलकाठी. पुढे तीन. तिने पाय उचलला आणि झाकण ओलांडलं. बोट एका लाटेवर चढली, उतरली. तिच्या हाताखालचा दोर साधा हललाही नाही. ती तिच्या पायांवर उभी होती.

अगदी टोकाला, जिथे दोर संपून नाळेवरचा लोखंडी कठडा सुरू होतो, तिथे तिचा हात थांबला. फुगीर, वेडीवाकडी, कांद्याएवढी गाठ. तिने ती मुठीत धरली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तिने तिच्यावर एक थापटी मारली आणि आकाशाकडे तोंड करून ओरडली,

“इथपर्यंत!”

पाठोपाठ साखळीचा खडखडाट आणि नांगर पाण्यात.

लॉकी पलीकडच्या टेकड्यांकडे बघत होता. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, “पुढे दोरच नव्हता. नाहीतर अजून पुढे बांधली असती.”