आदगोंडाचं नाव

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हा दुसरंच काहीतरी मागत असतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं. आणि ऐकताना समजूतदार मान हलवू नका. ‘होतं असं माणसाकडून’ म्हणणार असाल, तर इथंच थांबा. माणसाकडून काही झालेलं नाही. मी केलं.

बेळगावच्या एका कॉलेजात मी शिकवतो. वडील वकील, घर टिळकवाडीत. त्याच कॉलेजात विद्यार्थी होतो तेव्हा बास्केटबॉलच्या संघाचा कॅप्टन होतो. खेळ आमच्याकडं नवाच होता. कॅम्पातले गोरे सोल्जर खेळायचे, त्यांचं बघून आम्ही शिकलो. तांबड्या मातीचं मैदान, लाकडी फळ्या, लोहाराकडून वाकवून घेतलेली कडी. संध्याकाळी घरी गेलं की आई अंगणातच पाय धुवायला लावायची, इतकी ती माती चिकटायची.

आदगोंडा पाटील निपाणीकडच्या खेड्यातला. जैन शेतकऱ्याचा मुलगा, घरी तंबाखूचं रान. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, म्हणून मला ‘वामनअण्णा’ म्हणायचा. पहिल्या दिवशी मैदानावर अनवाणी आला. चेंडू कसा धरायचा, कसा आपटत न्यायचा, ते मीच दाखवलं त्याला. दिवाळीपर्यंत तो माझ्यापुढं गेला.

माझा द्वेष तिथून सुरू झाला असं तुम्हाला वाटेल. नाही. पुढं गेलेल्या माणसाचा हेवा करणं सोपं असतं, आणि तो मी केलाच. पण द्वेष? तो वेगळ्याच गोष्टीनं आला. मी डाव्या बाजूनं कच्चा होतो. चेंडू डावीकडून आला की माझा हात अडायचा. हे कुणालाच ठाऊक नव्हतं — आमच्या आजरेकर सरांनासुद्धा नाही, आणि ते खेळाचे मास्तर. आदगोंडानं ओळखलं. कधी बोलला नाही. फक्त मला चेंडू द्यायचा तो नेहमी उजवीकडं, छातीच्या उंचीवर, मी नुसता वर ढकलावा असा. त्या वर्षी माझ्या नावावर सगळ्यांत जास्त बास्केट लागली. लोक माझी पाठ थोपटायचे. आणि तो बाजूला उभा राहून हसायचा — खरंखुरं, आनंदानं! तुमची उणीव झाकणाऱ्या माणसाचा तुम्हाला कधी राग आला आहे का? मला यायचा. रोज यायचा. त्यानं एकदा तरी मिजास करावी, म्हणजे मला त्याला नावं ठेवता येतील, अशी वाट बघत होतो मी.

त्यानं मिजास केली नाही. मग मीच संधी शोधली.

पुढच्या वर्षी कॅम्पातल्या पलटणीच्या संघाशी आमचा सामना ठरला. कॉलेजातली पोरं वेडी झाली होती. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवायचं होतं ना! सामन्याच्या दिवशी सकाळी आदगोंडा माझ्या घरी आला. गावाकडनं माणूस आला होता. त्याची आई अंथरुणाला खिळली होती, आता शुद्धही हरपली होती.

“अण्णा, मी जातो. सरांच्या खोलीवर जाऊन आलो, कुलूप हाय. तेवढं सांगशील न्हवं?”

“जा तू,” मी म्हणालो. “मी सांगतो सरांना.”

मी विसरलो असेन, असा विचार तुमच्या मनात आला असेल तर काढून टाका. मी विसरलो नाही. सर दुपारी मैदानावर आले, सगळ्यांना मोजलं, म्हणाले, “पाटील कुठाय?” सगळे एकमेकांकडं बघायला लागले. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. चार शब्दांचं उत्तर. मी सगळ्यांसारखंच इकडंतिकडं बघितलं आणि म्हणालो, “काय की. काही बोलला नाही.”

का? त्या क्षणी मला एवढंच हवं होतं, की त्याच्यावाचून आपण जिंकावं आणि सरांनी त्याला संघातून काढावं. आम्ही जिंकलो नाही. वाईट हरलो. चेंडू मला डावीकडून येत राहिला, आणि सोल्जर हसत राहिले.

पंधरा दिवसांनी आदगोंडा परत आला. आई गेली होती. तो मैदानाच्या कडेला उभा राहिला, आणि त्याला तोंड उघडू न देता आजरेकर सर म्हणाले, “पळपुट्यांना माझ्या मैदानावर जागा नाही. चालू लाग.” त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. त्याला वाटलं, मी सांगितलं असणार, आणि तरीही सरांनी क्षमा केली नाही. सरांचा शब्द त्याला बापाच्या शब्दासारखा. काही न बोलता गेला. त्या वर्षाअखेरीला कॉलेजही सोडलं; घरी वडील एकटेच होते, रान बघायला कुणी नव्हतं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, तरुण होता, चुकला. थांबा. हा तर नुसता पाया आहे.

पुढं मी त्याच कॉलेजात मास्तर झालो. संघाला दहा वर्षं झाली तेव्हा ठरलं, की या दहा वर्षांतले सर्वांत चांगले पाच खेळाडू निवडायचे आणि त्यांची नावं रंगवलेली फळी जिमखान्यात लावायची. निवडायला आम्ही तिघं: आजरेकर सर, इंग्रजीचे एक वयस्क प्रोफेसर, आणि जुना कॅप्टन म्हणून मी.

चहाचे कप समोर ठेवून आम्ही बसलो. चार नावं सहज ठरली. खासबागेतल्या विणकराचा तुकाराम, उंचीनं बेताचा पण उडी अशी की कड्याला हात लावायचा. कॅम्पातला पास्कल, त्याच्या अंगावरून चेंडू नेणं म्हणजे भिंतीतून जाणं. आणखी दोघं. मग प्रोफेसर म्हणाले, “पाचवा — खरं म्हणजे पहिला — पाटील. दोनच वर्षं खेळला, पण तसा पुन्हा झाला नाही.”

सरांनी चष्मा काढला. “मी त्याच्याशी फार कठोर वागलो, असं मला अलीकडं वाटतं. काही कारण असेलही त्याचं. वामनराव, तुम्ही कॅप्टन होता. तुम्हाला काही कळलं होतं का त्या वेळी?”

बघा, कशी विचारणा होती ती! दार सताड उघडलं होतं त्या म्हाताऱ्या माणसानं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. ‘त्याची आई मरत होती, मला सांगून गेला होता, मी तुम्हाला सांगितलं नाही.’ रागावले असते. रागावून किती रागावले असते?

मी म्हणालो, “कारण कधीच कळलं नाही, सर. खेळाडू तो मोठाच. पण ऐन सामन्याच्या दिवशी जो न सांगता निघून जातो, त्याचं नाव आपण फळीवर लावलं, तर आत्ताची मुलं काय शिकतील?”

किती नीट बोललो मी. मुलांची काळजी! सरांनी चष्मा परत चढवला, कागदावरचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं. मग प्रोफेसर म्हणाले, पाचवा कोण? तेच म्हणाले, वामनरावांचीच बास्केट सगळ्यांत जास्त आहेत. मी नको नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही.

फळी लावायच्या समारंभाला सगळ्या जुन्या खेळाडूंना पत्रं गेली. आदगोंडालाही गेलं असणार, कारण तो आला. वडिलांना घेऊन आला. म्हातारा आप्पा पटका बांधून, धुतलेलं धोतर नेसून, पोराचं कॉलेज पहिल्यांदाच बघत होता. त्याला कुणीतरी गावात सांगितलं होतं, तुमच्या पोराचं नाव लागणार. फळीवरचा पडदा निघाला. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पोराला विचारलं, “कुठलं रं तुझं?”

आदगोंडा म्हणाला, “माझं न्हाय आप्पा. चला, जेवून निघू.”

तेवढ्यात पास्कल मोठ्यानं ओरडला, “सर, पाटलाचं नाव कुठाय? ही काय थट्टा आहे?” आजरेकर सर लाल झाले. म्हणाले, “सामन्याच्या दिवशी न सांगता पळून गेलेल्या माणसाचं नाव इथं लागणार नाही.”

आदगोंडा गोंधळला. चिडला नाही, गोंधळला. “न सांगता न्हाय, सर. आई गेली त्या वेळी. वामनअण्णाला सांगून गेलतो की. इच्यारा त्याला.”

आणि तो माझ्याकडं वळला. विश्वासानं वळला. तो चेहरा मला आठवला की आजही त्या माणसाचा राग येतो — इतका कसा विश्वास ठेवतं कुणी? सगळे माझ्याकडं बघत होते. सर, प्रोफेसर, पास्कल, माझे विद्यार्थी. फळीवर माझं नाव ओलं होतं अजून.

मी म्हणालो, “मला असं काही आठवत नाही.”

आदगोंडा माझ्याकडं बघतच राहिला. समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही. “असं व्हय,” एवढंच म्हणाला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असलं काही मी म्हणणार नाही. मारलं नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे.

पण म्हातारा आप्पा मधे उभा होता. त्यानं सरांकडं बघितलं, माझ्या कोटाकडं बघितलं. शिकलेली माणसं, दोघं. मग पोराकडं वळला. “मला तर सांगितलंस, इच्यारून आलोय म्हणून. तुझ्या आईच्या उशाला बसून सांगितलंस. खोटं बोललास व्हय रं?”

आदगोंडा म्हणाला, “न्हाय आप्पा.”

म्हाताऱ्यानं मान फिरवली. पोराचा हात झटकला आणि एकटाच दाराकडं चालायला लागला. आदगोंडा त्याच्या मागं गेला. मी दोन पावलांवर होतो. दोन पावलं! जेवणाची पानं वाढली होती. मी जाऊन बसलो, आणि जेवलो.

स्वराज्य आलं, त्याला अजून दोन महिने झाले नाहीत. कॉलेजात झेंडा लागला तेव्हा मी सत्यावर भाषण केलं, टाळ्या पडल्या. गेल्या आठवड्यात निपाणीकडचा एक विद्यार्थी फीच्या सवलतीसाठी आला होता. मी सहज केल्यासारखी चौकशी केली. आदगोंडाचे वडील या पावसाळ्यात गेले. आदगोंडानं सेवा पुष्कळ केली म्हणे. म्हातारा गावात सगळ्यांना सांगायचा — पोरगं लई गुणाचं, पर आईच्या उशाला बसून एकदा खोटं बोललं ते बोललं.

मी त्या मुलाच्या अर्जावर सही केली आणि तासाला गेलो.

आजरेकर सर हयात आहेत. संध्याकाळी फिरायला निघतात, माझ्या दारावरूनच जातात, मी नमस्कार करतो. निपाणीची मोटार रोज सकाळी सुटते. मी गेलेलो नाही. हे सांगून झाल्यावर जाईन, असंही मला वाटत नाही.