समोरच्या दाराकडे

हे मी माझ्या नवऱ्याला कधी सांगितलं नाही. ते आता नाहीत. मुलाला सांगायची वेळ गेल्याच आठवड्यात चालून आली होती — तीही मी घालवली. म्हणून आता तुम्हाला सांगते.

सून हल्ली एक कोरियन मालिका बघते. एका इमारतीत नवा भाडेकरू येतो, आणि शेजारचे लोक जरा जास्तच गोड हसतात. दारं किलकिली होतात, कुणीतरी भिंतीला कान लावून उभं असतं. मीही बघत बसले होते. मधेच नितीन म्हणाला, "आई, अंबरपेठच्या फ्लॅटमध्ये आपल्यासमोर पण असेच लोक होते ना? भानामती करणारे?"

मी म्हणाले, "होते."

इतक्या वर्षांनी — किती सहज आलं तोंडातून!

ते लोक म्हणजे सुशीला, तिचा नवरा आणि मुलगी प्रज्ञा. परभणीकडचे. नव्वदीचे दिवस होते. ह्यांना खासगी कंपनीत नोकरी लागली, नवा फ्लॅट घेतला, गच्चीवरून केबलची वायर घरात आली. बिल्डिंग सगळी तेलुगू बोलणारी. मी लग्न करून गावाकडून आलेली, भाजीवाल्याशी बोलतानाही अडखळायची. समोरच्या दारातून मराठी ऐकू आलं तेव्हा मला रडू आलं होतं, खरंच सांगते. सुशीला मला वैनी म्हणायची. दुपारी ती केबल बघायला आमच्याकडे, नितीन खेळायला तिच्याकडे.

तिच्या घरात बुद्धाची तसबीर होती, देव्हारा नव्हता. बिल्डिंगमधल्या बायकांनी ते हेरलं होतं. मी हेरलं नव्हतं का? सासूबाई गावाहून आल्या, की मी तिच्याकडे चहा प्यायला जात नसे. ती विचारत नसे. तिला कळत असणारच.

एकदा सासूबाई आलेल्या असताना नितीनला ताप चढला. "पोराची दृष्ट काढ," त्या म्हणाल्या. घरात लिंबू नव्हतं. मी समोर गेले, सुशीलाने हसत हसत एक दिलं — "वैनी, एमे झालेल्या ना तुम्ही?" मीही हसले. दृष्ट काढली. कापलेलं लिंबू, कुंकू, मिरच्या तिठ्यावर टाकायच्या होत्या. पण भर दिवसा ते हातात घेऊन रस्त्याने जायची मला लाज वाटली. शिकलेली ना मी! जिन्याच्या वळणावर कोपऱ्यात ठेवून दिलं. मग उचलू म्हटलं — आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या रमादेवींचा नातू शाळेला निघाला आणि नेमका त्याच वळणावर कोसळला. तोंडाला फेस, डोळे फिरलेले. पोरगं शुद्धीवर आलं, पण तोवर कुणाचं तरी लक्ष त्या लिंबाकडे गेलं होतं.

"किसने डाला ये?" रमादेवी किंचाळत होत्या. "मेरे बच्चे पर बाणामती कौन किया?"

सगळी बिल्डिंग जिन्यावर. मला गप्प राहता आलं असतं. "मालूम नहीं," म्हणता आलं असतं — कुणी मला विचारलंही नव्हतं, हे नीट ऐका. मी आपणहून बोलले. बोट सुशीलाच्या दाराकडे केलं आणि म्हणाले, "काल मी त्यांना इथे काहीतरी ठेवताना बघितलं."

तेच दार का? घाबरले होते म्हणून? घाबरले होतेच. पण दारं तर आठ होती. ह्याच दाराबद्दल लोक लगेच विश्वास ठेवतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते का ठाऊक होतं, तेही मला ठाऊक होतं.

बाप्यांनी तिचं दार बडवलं. ती बाहेर आली, लिंबू बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. हळूच म्हणाली, "वैनी, सांगा ना यांना. तुम्हीच नेलं होतं ना लिंबू?"

मी म्हणाले, "कुठलं लिंबू?"

सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या वळून घरात गेल्या.

कुणीतरी सुशीलाचे केस धरले. तिचा नवरा मधे पडला, त्याचा चष्मा फुटला. पोलिसांत कुणी गेलं नाही. नंतर पाणीवाला, दूधवाला त्यांच्या दाराशी थांबेनात. रमादेवींच्या नातवाला डॉक्टरांनी फिट्सच्या गोळ्या दिल्या, तो बराही झाला. पण कुणी कुणाची माफी मागितली नाही. उलट रमादेवी मला हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या. मी जात होते. मला आवडत होतं.

महिनाही झाला नसेल, सुशीलाच्या घरच्यांनी घर सोडलं. खाली टेम्पो उभा होता. मी पडद्याआडून बघत होते, नितीन खिडकीचे गज धरून उभा. प्रज्ञाने टेम्पोतून वर बघितलं आणि त्याला हात हलवून टाटा केला. त्यानेही हात वर केला.

मी त्याचा हात धरला आणि खाली ओढला. "त्यांच्याकडे बघायचं नाही," म्हणाले. "वाईट लोक आहेत ते."

तो सहा वर्षांचा होता. त्याने माझं ऐकलं.